झाडापाशी माणूस नव्हता

"तुझ्या भावाला सांग, मशीनला हात लावायचा नाही!"

"मला काय सांगता? तो काय बहिरा आहे? समोर बसलाय, त्यालाच सांगा."

"त्याच्याशी मी बोलत नाही."

"मग सकाळपासून काय भिंतीशी बोलताय?"

ठिणगी उंबऱ्यावर उकिडवा बसून करवतीच्या चेनला कानस मारत होता. त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. आत घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत मामा बसला होता. चहाची बशी दोन्ही हातांत धरून असा फुंकत होता, जसं काही आई-बाबांचं हे भांडण शेजारच्या घरात चाललंय.

"दाजी," मामा म्हणाला, "मशीन माझ्यासाठी मागतोय का मी? माझ्या घरची चूल पेटवायचीय का त्यावर? उद्यापासून बंद आहे. सगळा भाग बंद. आपल्या भागाला वेगळं व्हायचंय, का वर राजधानीत बसलेल्यांची धुणी धूत बसायचंय आणखी शंभर वर्षं?"

"वेगळं व्हा नाहीतर एकत्र राहा. माझं झाडांशी काम."

"झाडांचंच काम घेऊन आलोय."

बाबा झाडं पाडायचे. उभा जन्म त्यांनी तेच केलं होतं. आधी हातकरवत, मग कुऱ्हाड, मग हे पेट्रोलचं मशीन. मशीननं पोट भरलं आणि बोटं खाल्ली. थरथर सोसून सोसून बाबांच्या बोटांतलं रक्तच आटलं होतं. गार वारा सुटला की बोटं मेणासारखी पांढरी पडायची. सुई टोचली तरी कळायचं नाही. शर्टाची बटणं आई लावायची. बाबा तेव्हा छताकडे बघत उभे राहायचे, जसं काही बटणं दुसऱ्याच माणसाची आहेत.

म्हणून वर्षभर मशीन ठिणगीच्या हातात होतं. शाळा त्यानं त्याच्या आधीच सोडली होती. मास्तरांनी पट्टी मारली, यानं ती हिसकून गुडघ्यावर मोडली, दोन्ही तुकडे टेबलावर नीट शेजारी शेजारी ठेवले आणि घरी आला. तेव्हापासून त्याचं नाव ठिणगी. नाव ठेवलं मामानंच. "हा पोरगा एक दिवस काहीतरी पेटवणार," असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. ठिणगीला ते आवडायचं. बापानं आजवर त्याचं एकच कौतुक केलं होतं, ते म्हणजे "आज पाय बरे ठेवलेस."

"वळणावरची चार झाडं," मामा म्हणाला. "आडवी टाकायची. बास. कुऱ्हाडीनं दिवस जाईल, तुमच्याकडं तासाचं काम. आणि एकट्यादुकट्याचं नाही हं दाजी, सगळं गाव येणार. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? गावानं पाडलं. गावाला काय बेड्या घालतात?"

"ती झाडं माझ्या बापाच्या आधीची आहेत."

"मग म्हातारीच झाली की! आज ना उद्या पडणारच."

 ठिणगीनं कानस खाली ठेवली. "बाबा, मी पाडतो," तो म्हणाला. "तुम्ही नका येऊ."

"तू गप्प बैस."

"का? मशीन कोण धरतं?"

ठिणगी बोलून गेला. आईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याची मान आपोआप खाली गेली. बाबांनी आपले हात काखेत घातले. मग मामाकडे न बघताच ते म्हणाले, "एक अट आहे."

"दहा सांगा."

"पाडलेल्या झाडापाशी माणूस पाहिजे. दोन्ही बाजूंना. लाल फडकं घेऊन. झाड हलवेपर्यंत तिथून हलायचं नाही. दिवस असो, पाऊस असो, बाप मेलेला असो."

हा त्यांच्या धंद्यातला नेम होता. वाटेवर झाड पाडलं आणि लगेच उचलता येत नसेल, तर पाडणाऱ्यानं तिथं माणूस ठेवायचा. आडवं झाड लांबून दिसत नाही आणि दिसतं तोवर उशीर झालेला असतो. ठिणगी लहान असताना बाबा एकदा भर तापात असे ओंडक्यापाशी उभे राहिले होते. मालक ओरडून गेला, तरी हलले नाहीत.

"आईची शपथ," मामा म्हणाला आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी माणसं उभी करतो. आता तरी चहा गोड लागू द्या."

दुसऱ्या दिवशी खरंच सगळं गाव आलं. जत्रेला यावं तसं आलं. गिरणीवाला आला, शिंपी आला, दुकानदार दुकानाला कुलूप लावून किल्ली कमरेला हलवत आला. शाळेची पोरं आली, कारण शाळाही बंद. चौकीतले दोघं पोलीसही येऊन बघून गेले. त्यातले मिशीवाले हवालदार गावचे जुने. ते मामाला म्हणाले, "आम्हाला मोठ्या रस्त्यावर बोलावलंय, सगळ्या चौक्या रिकाम्या करतायत. तुमचं तुम्ही बघा, आणि जरा जपून." चौकीला कुलूप लावून दोघं जीपमध्ये बसले आणि गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामा खांद्यावर उपरणं टाकून म्हणाला, "बघा! वेगळं व्हायला सुरुवात झाली."

हवेत गारवा होता. ठिणगीनं मशीनची दोरी ओढली. पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. अंगातून ती थरथर वर चढली, दातांपर्यंत. बाबा आले होतेच. हात काखेत घालून झाडाच्या पलीकडे उभे होते आणि नुसत्या हनुवटीनं दाखवत होते, इथं खाच घे, आता मागून ये, थोडं राखून ठेव. खाच ज्या बाजूला, झाड त्या बाजूला. मागून कापताना सगळं कापायचं नाही, मध्ये चार बोटं लाकूड राखायचं. त्या बिजागरीवर झाड वळतं आणि सांगितल्या जागी येऊन झोपतं.

पहिलं झाड रस्त्यावर आडवं झालं तेव्हा जमीन पायाखाली हलली. धूळ, पानं, पक्ष्यांचा कल्लोळ. लोक ओरडले. दुकानदार आधी खोडावर चढून बसला, मग सगळेच. मोबाईल निघाले. ठिणगीला मध्ये ओढला, मशीन हातात उंच धरायला लावलं. "धर, वर धर! हसू नको, रागानं बघ!" त्याला रागानं बघणं अवघड नव्हतं, पण त्या दिवशी हसूच येत होतं. एवढी माणसं त्याचं नाव घेत होती.

फोटो झाले, लोक दुसऱ्या झाडाकडे गेले. ठिणगी मात्र खाली वाकला. बुडख्यावर बिजागरीच्या ढलप्या सुळ्यांसारख्या उभ्या होत्या. त्यानं मशीन आडवं धरलं आणि त्या कापल्या. मग बुडख्याची चढी बाजू उतरवली, जमिनीसरशी सपाट केली. बाबांनी पायानं भुसा झाडला आणि तळव्यानं दाबून बघितलं. चारही बुडखे त्यांनी तसेच केले. कुणी सांगितलं नव्हतं. बुडखा असा करूनच काम संपतं, एवढंच दोघांना माहीत. पाडणाऱ्याला ढलप्या ठेवून घरी जाववत नाही, जसं बाईला खरकटं भांडं ठेवून झोपवत नाही.

मामा हसला. "अरे, रस्ता अडवायचाय! जेवायला पाट-टेबल नाही करायचं!"

सगळे हसले. बाबाही थोडे हसले. मामानं दोन माणसं दोन्ही अंगाला उभी केली, हातात लाल फडकी दिली, आणि बाबांकडे वळून म्हणाला, "झालं समाधान?"

बंद सुरू झाला आणि चालतच राहिला. पहिले दिवस सणासारखे गेले. दुपारी पारापाशी पत्ते. रस्त्यावर क्रिकेट. मग हळूहळू एकेक गोष्ट संपायला लागली. आधी रॉकेल, मग साबण, मग औषधं. मशीनमधलं पेट्रोल ठिणगीनं शिंप्याच्या आजारी बायकोला नेण्यासाठी कुणाच्या तरी गाडीत ओतलं. कामाचा तर प्रश्नच नव्हता, झाडं पाडून घेणारा कोण येणार?

आणि एके दिवशी भर दुपारी गिरणीची मोटर चोरीला गेली. गिरणीवाला जेवायला घरी गेला होता, आला तर नुसते नट-बोल्ट. तो डोक्याला हात लावून चौकीकडे धावला. चौकीला कुलूप. तिथंच पायरीवर बसून तो कुलपालाच शिव्या देऊ लागला. मग विहिरींवरच्या तारा गेल्या. मग शेजारच्या वस्तीवर म्हातारा-म्हातारीला बांधून घर धुऊन नेलं. लोक मामाकडे गेले.

"थोडं सोसा," मामा म्हणाला. "एकदा वेगळं झालं की आपलीच चौकी, आपलाच पोलीस."

"आणि तोवर चोर कुणाचे?" गिरणीवाल्यानं विचारलं.

कुणी हसलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोण दुपारी कुठं होता, कुणाच्या घरी नवी तार दिसली. ज्या दारांना कधी कडी नव्हती त्यांना कड्या बसल्या. ठिणगी रस्त्यानं जाताना दुकानदारानं त्याला हटकलं, "काय रे, रिकामाच फिरतोस हल्ली?" ठिणगीनं त्याची गचांडी धरली. आईनं येऊन सोडवलं.

मामाही हल्ली गावात कमी दिसायचा. मोटरसायकलवर कुणी तरी न्यायला यायचं. मोठ्या शहरात बोलणी चालली होती म्हणे. येताना त्याच्या अंगावर नवं जाकीट दिसलं. "वरचे चर्चेला तयार झालेत," तो सांगायचा. "आपलं म्हणणं ऐकतायत."

मग ती सकाळ आली. धुकं इतकं की अंगणातला हौद दिसत नव्हता. बाबा तोंड धूत होते. वळणाच्या बाजूनं आवाज आला. झाड पडण्याचा नव्हे. झाड पडण्याआधी कुरकुरतं, याला काही कुरकुर नव्हती. एकदम धाड, आणि मग एक हॉर्न. थांबेचना.

बाबा तसेच ओल्या तोंडानं धावले. "मशीन घे!" एवढंच ओरडले.

पोलिसांची गाडी होती. पहिल्या झाडात तोंड घालून उभी होती. मागची माणसं खाली उतरून रस्त्यावर बसली होती, कुणाच्या कपाळातून, कुणाच्या कोपरातून रक्त. ड्रायव्हर आत होता. जाड फांदी काचेतून शिरून त्याच्या छातीवर टेकली होती. वय असेल ठिणगीपेक्षा दोन-चार वर्षांनी जास्त. मिसरूड नुकतंच फुटलेलं.

टाकीच्या तळाशी राहिलेल्या पेट्रोलवर मशीन चालू झालं. बाबांनी गाडीत शिरून त्या पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "बघू नको इकडं," ते ठिणगीला म्हणाले. "फांदी बघ. सावकाश. वजन माझ्या बाजूला येऊ दे." ठिणगीनं आयुष्यात एवढा हळू काप घेतला नव्हता. भुसा त्या पोराच्या गणवेशावर पडत होता आणि लाल होत होता.

"मी ब्रेक दाबला होता," तो पोरगा बाबांना म्हणाला. "खरंच दाबला होता."

"हो रे बाळा. दाबला होतास."

"साहेबांना सांगा."

"सांगतो."

फांदी सुटली. पण फांदीनंच जे दाबून धरलं होतं तेही सुटलं. थोड्या वेळानं बाबांनी त्याचे डोळे मिटले. त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती. पापण्या हाताला लागल्या की नाही ते त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी वाकून परत बघितलं.

ठिणगी धुक्यात अलीकडं धावला, मग पलीकडं. माणूस नव्हता. या अंगालाही नव्हता आणि त्या अंगालाही नव्हता. लाल फडकं नीट घडी घालून दगडाखाली ठेवलेलं होतं. कित्येक दिवसांच्या दवानं भिजून वरून बुरशीसारखी धूळ बसलेली. एका दिवसाची घडी नव्हती ती.

दुपारपर्यंत धुकं गेलं, मशीन धरणारा ज्यांनी पाहिला त्या जखमींना शहरातल्या दवाखान्यात हलवलं, आणि मग गाड्याच गाड्या आल्या. मोजायला कुणी थांबलं नाही. शाळा ताब्यात घेतली, बाकं अंगणात रचली, छपरावर वाळूची पोती चढवली. शाळेची छावणी झाली. गावातल्या सगळ्या पुरुषांना मैदानात उकिडवं बसवलं, हात डोक्यावर. जे खोडावर बसून फोटो काढत होते ते आता मातीत बसून, एक हात चोरून खाली घेत, मोबाईलमधले फोटो पुसत होते. ऊन चढलं. शिंप्याला लघवीला जायचं होतं, जाऊ दिलं नाही. त्याचं पायजम्यातच झालं. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. तो मात्र सगळ्यांकडे बघत होता, कुणी बघतंय का ते.

मोठा साहेब वळणावर जाऊन आला. जाडजूड नव्हता, ओरडतही नव्हता. लोकांसमोर उभा राहून म्हणाला, "या रस्त्यावर खूप ठिकाणी झाडं टाकलीत. सगळीकडचे बुडखे बघितले मी. कुऱ्हाडीनं चावलेले, अर्धवट मोडलेले. इथले चार मात्र हात फिरवावा असे. हा माणूस रोज हेच काम करतो. तुमच्यात असा कोण आहे ते तुम्हाला माहितीये. मला उद्या संध्याकाळपर्यंत तो पाहिजे. नाहीतर रोज असेच बसा."

 कुणीही ठिणगीकडे वळून बघितलं नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं बसल्या बसल्या थोडी थोडी सरकली. हातभर जागा झाली त्याच्या भोवती, आणि भर मैदानात तो आणि बाबा तेवढे दोघं वेगळे पडले.

मामा उकिडव्या बसलेल्यांत नव्हता. शाळेच्या ओसरीत, साहेबाशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. आज चहा मागितला नाही. उभ्यानंच बोलला.

"दाजी, रात्रभर रदबदली केली. गाव वाचलं पाहिजे. एक नाव द्यावंच लागतंय."

"दिलंस?" आईनं विचारलं.

"ताई, ऐकून घे आधी. बुडखा बोलतोय. या पंचक्रोशीत असा बुडखा दुसऱ्या कुणाचा नाही. नाव तुमच्याच घरातलं येणार. मग बापाचं जावं का पोराचं? दाजी वयस्कर आहेत, हात अधू आहेत. चार दिवस ठेवतील, दया येईल, सोडतील. पोरगं गेलं तर जन्माचं गेलं. मी पोराला वाचवलं."

"माणसं कुठं होती?" ठिणगी ओरडला. "झाडापाशी माणसं कुठं होती तुझी?"

"हळू बोल."

"शपथ घेतली होतीस! हिच्या डोक्यावर हात ठेवून!"

मामानं जाकिटाची चेन वरखाली केली. "बैठकीला नेली होती," तो म्हणाला. "वरच्यांसमोर बसायचं तर मागं चार माणसं दिसावी लागतात. नुसता मी एकटा जाऊन काय वजन पडणार? येणारच होते परत. मुक्काम वाढला."

"म्हणजे खुर्च्या भरायला," आई म्हणाली.

"राजकारण असंच असतं, ताई."

ठिणगी त्याच्या अंगावर धावला. मध्ये बाबा आले. त्यांचा हात ठिणगीच्या गालावर बसला. चापट मारायची होती की थांबवायचं होतं, ते त्यांच्या हाताला नीट जमलं नाही. लाकडाची फळी लागावी तसा लागला.

"मेव्हणे बरोबर बोलतायत," बाबा म्हणाले. "माझंच नाव. नेम माझा होता. माणूस उभा राहिला की नाही ते मी रोज जाऊन बघायला पाहिजे होतं. नाही गेलो."

"पण कापलं मी!"

"तू कापलंस माझ्या सांगण्यानं. बटणं लाव गं."

आईनं बटणं लावली. वरपासून खालपर्यंत, एकही न चुकता. बाबा छताकडे बघत नव्हते आज. तिच्याकडे बघत होते. मग ते मामाच्या मागं मागं निघाले आणि शेजारच्यांची दारं एकेक करत लागली.

त्या दिवशी दुकानदारानं आईला साखर दिली नाही. साखर होती, पोतं दिसत होतं. "संपली," म्हणाला.

दुपारी ठिणगी आणि आई डबा घेऊन छावणीकडे निघाली. वळणापासून रस्ता पार ओळखू येईना. आडवी झाडं उचलून बाजूला टाकली होती, आणि उभ्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे मारले होते. एका झाडावर नाही, सगळ्यांवर. दोन्ही बाजूंनी, नजर जाईल तिथवर. मामाचा एक माणूस चुन्याची बादली घेऊन पुढं पुढं चालला होता. हा तोच, ज्याच्या हातात लाल फडकं दिलं होतं.

"हे काय?" ठिणगीनं विचारलं.

"रस्ता मोकळा करायचाय. साहेबाला लांबपर्यंत दिसलं पाहिजे, दोन्ही अंगांनी. आडोसा नको." माणसानं बादली खाली ठेवली. तो लाजला नव्हता, उलट खुशीत होता. "मामांना काम मिळालंय सगळं. लाकूडही त्यांचंच. नवं मशीन येतंय. तुला यायचंय का कापायला? हात चांगलाय तुझा."

आई पुढं चालत राहिली. थोडं गेल्यावर, मागं न बघता, म्हणाली, "बंद करायला झाड पाडा, उघडायला झाड पाडा. झाडाचं मरण काही चुकत नाही."

छावणीच्या फाटकावर मिशीवाले हवालदार होते. मोठ्या रस्त्यावरून परत आले होते, पण आता त्यांनाही आत जायला कुणाला तरी विचारावं लागत होतं. आपल्याच चौकीच्या गावात ते पाहुण्यासारखे उभे होते. आई फाटकापाशी बसलेल्या एका बाईजवळ थांबली, तेवढ्यात त्यांनी डबा घेतला आणि ठिणगीला बाजूला ओढलं.

"तुझ्या बापानं कबूल केलं. साहेबानं झाडं हलवायला आणलेलं मशीन पुढ्यात ठेवलं, म्हणाला कापून दाखव. त्यानं उचललं रे. दोरी ओढली दातात धरून. पण मशीन सुरू झालं आणि हातातून सुटलं, पायावर आलं. बूट होता म्हणून अंगठा वाचला. सगळे हसले. साहेब नाही हसला. म्हणाला, हा तो नाही. खोटं बोलून दुसऱ्याला झाकतोय, म्हणजे तो दुसरा मोठा असणार."

"मग सोडला का?"

"सोडतात होय? आता तर दोन गुन्हे झाले. खरा माणूस सापडेपर्यंत हा आत." हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "तुझ्या मामाला साहेबानं सांगितलंय, खरा आण. काम हवंय ना, मग खरा आण."

"लाल फडक्यावाल्यांचं कुणी सांगितलं का साहेबाला? माणसं उभी होती, मग काढून नेली, हे?"

"कोण सांगणार? तुझ्या मामाशिवाय आत कुणाचं तोंड चालतंय?"

"तुम्ही सांगा."

हवालदारांनी डबा काखेत धरला. "माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची," ते म्हणाले.

 घरी आल्यावर आईनं हात धुतले, परत धुतले, आणि ताट वाढायला घेतलं. तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. मामा. या वेळी घाईत होता. गाडी बंदही केली नाही.

"ठिणग्या, ऊठ. कपडे घे दोन. मी तुला खिंडीपर्यंत सोडतो, पलीकडं माझा माणूस आहे. तिथून जिकडं जाशील तिकडं जा. वर्षभर तोंड दाखवू नको."

"आणि बाबा?"

"तू गेलास की त्यांना सोडतील. साहेबाशी बोललोय मी. गुन्हेगार पळाला म्हटल्यावर बापाला ठेवून काय करणार?"

ठिणगी त्याच्याकडे बघत राहिला. सुरू गाडीवर मामाचं सगळं अंग थरथरत होतं, जाकीट, गाल, गळा. एवढे दिवस त्याला वाटायचं, मामा बोलतो तेव्हा त्याचे डोळे चमकतात. आज नीट बघितलं तर डोळे सारखे रस्त्याकडे जात होते. मग त्याला सगळं दिसलं, धुकं सरल्यावर रस्ता दिसावा तसं. तो पळाला की तोच दोषी. पळणाऱ्याला कुणी विचारत नाही. मग झाड कुणी पाडायला लावलं, माणसं कुणी काढून नेली, हे बोलायला गावात कुणी उरतच नाही. बाप आत कुजेल, पोरगा बाहेर कुजेल आणि मध्ये रस्ता मोकळा.

"खिंडीत तुझा माणूस आहे की साहेबाचा?" त्यानं विचारलं.

"काय बोलतोस? सख्खा मामा आहे मी तुझा!"

"म्हणून तर विचारतोय."

मामानं बहिणीकडे बघितलं. "ताई, सांग याला. वेळ नाही. तुझ्या एकुलत्या एकासाठी मी जिवावर उदार होऊन आलोय."

आईनं वाढलेलं ताट खाली ठेवलं. लुगड्याच्या पदराला हात पुसत ती दारात आली आणि भावासमोर उभी राहिली. लहानपणी याला तिनं कडेवर खेळवला होता. ठिणगीला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"आज त्या ड्रायव्हरची आई आली होती छावणीत," ती म्हणाली. "फाटकापाशी बसली होती. सगळ्यांना एकच विचारत होती, माझ्या पोरानं गाडी जोरात चालवली का हो? कुणी उत्तर दिलं नाही तिला. मीही नाही दिलं. तुझं नाव मध्ये येईल म्हणून. माझा भाऊ म्हणून."

 गाडी तेवढी भडभडत होती.

ठिणगीनं पायात चप्पल घातली. कपडे घेतले नाहीत. आईनं ताटातलं थोडं त्याच्या तोंडाशी नेलं, तर त्यानं मान हलवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून घास घेतला आणि चावत चावतच गाडीपाशी आला. मामाला वाटलं मागं बसतोय. तो पुढं सरकला, जागा केली.

ठिणगी बसला नाही. त्यानं हात घालून किल्ली फिरवली. गाडी बंद पडली आणि गल्लीतली दारं किलकिली झाली. शिंप्याचं, दुकानदाराचं, गिरणीवाल्याचं. तो मुद्दाम मोठ्यानं बोलला, सगळ्यांना जाईल असं.

"मी छावणीत चाललोय. कुणी पाडलं ते सांगणार, मी पाडलं. कुणी पाडायला लावलं ते सांगणार. माणसं उभी कुणी केली, काढली कुणी, तेही. खोडावर बसून फोटो कुणी काढले ते मला विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तर नाही सांगणार. आणि त्यानं ब्रेक दाबला होता, हे आधी सांगणार."

"अरे मारतील तुला," मामा दबक्या आवाजात म्हणाला. "कोण विश्वास ठेवणार? मी आत बसून चहा पितो त्यांच्याबरोबर. तू कोण?"

"ते बघू."

"वेडा झालास! बस, बस गाडीवर, आपण नीट बोलू, सकाळी..."

"बाबा आत आहेत मामा. तू येतोयस का सोबत, का मी एकटाच जाऊ? सरक. मला आता निघायचंय."